कर्नलने न वापरलेली ताकद

१९९९ साली इंटेलने पेंटियम थ्रीमध्ये एसएसई सूचना आणल्या. १२८ बिटांच्या रजिस्टरांत चार-चार दशांश संख्या ठेवायच्या आणि चारही बेरजा एकाच सूचनेत उरकायच्या. एव्हीएक्सने ही रुंदी २५६ बिटांवर नेली, एव्हीएक्स-५१२ने ५१२ वर. अशी ताकद हाताशी असताना लिनक्सचा कर्नल मात्र इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरसाठी बांधला जातो, तेव्हा कम्पायलरला या सूचना वापरू नकोस असं स्पष्ट बजावतो: एम-नो-एसएसई, एम-नो-एसएसई२, एम-नो-एव्हीएक्स. ६४-बिट एआरएमसाठी एकच फ्लॅग पुरतो, एम-जनरल-रेग्ज-ओन्ली.

ही जुनाट काटकसर नाही. कर्नल चालत असतो त्या क्षणी ती रजिस्टरं त्याच्या मालकीची नसतात.

तुमचा प्रोग्रॅम गणित करत असतो, मध्येच इंटरप्ट येतो, ताबा कर्नलकडे जातो. आत शिरताना कर्नल फक्त साधी रजिस्टरं जपून ठेवतो; रुंद रजिस्टरांत तुमची संख्या तशीच पडून असते. एव्हीएक्स-५१२ची ३२ रजिस्टरं म्हणजे २,०४८ बाइट. प्रत्येक इंटरप्टला एवढा पसारा उचलून पुन्हा मांडायचा, तर सगळा वेग त्यातच जिरेल. म्हणून कर्नल तिकडे हातच लावत नाही. पण कम्पायलरला हे कुठून कळणार? एखादं स्ट्रक्चर शून्याने भरायचं दिसलं की तो खुशाल एसएसई वापरेल. मग दुसऱ्याच्या पाटीवरचं अर्धवट गणित पुसलं जाईल. प्रोग्रॅम कोसळणारही नाही. उत्तर तेवढं चुकेल. मला या चुकीची सर्वांत जास्त धास्ती वाटते, कारण ती शोधायला कुणी कर्नलमध्ये डोकावणारच नाही.

२०२२च्या जीसीसी १२ पासून हा धोका वाढला आहे. ओ-२ या नेहमीच्या पातळीवरही तो कम्पायलर आपणहून लूपांचं व्हेक्टरीकरण, म्हणजे या रुंद सूचनांत रूपांतर, करू लागला, आणि कर्नल सहसा ओ-२ वरच बांधतात.

तरी बंदी सरसकट नाही. अनेक डिस्कवर माहिती जपणाऱ्या रेड-६ची पॅरिटी या व्हेक्टर सूचनांनी खूप वेगाने काढता येते. कर्नल सुरू होताना उपलब्ध पद्धतींचा वेग मोजून त्यांतली एक निवडतो. एन्क्रिप्शनलाही व्हेक्टर सूचनांचा उपयोग होतो. अशा ठिकाणी प्रोग्रॅमर आधी 'कर्नल एफपीयू बिगिन' म्हणतो, वापरकर्त्याची रजिस्टरं सुरक्षित करवतो, काम उरकून 'एंड' म्हणतो. मधल्या काळात त्या कोडला झोपता येत नाही. एएमडीच्या डिस्प्ले ड्रायव्हरला दशांश गणित टाळता येत नाही. म्हणून त्याच्या मोजक्या फाइलींपुरते वेगळे फ्लॅग दिले जातात. मला ही रीत मनापासून पटते: जिथे गरज, तिथे माणसाने हाताने लिहून परवानगी द्यावी, कम्पायलरच्या मर्जीवर ती सोडू नये.

२०२५ साली लिनक्स ६.१६ मध्ये स्वतःच्या प्रोसेसरला नेमका जुळेल असा कर्नल बांधायची सोय आली. ती निवडल्यावरही हे सगळे 'नो' जागेवरच राहतात. वेगाच्या हौसेने कर्नल बांधणाऱ्या तरुणांनी मेकफाइलमधल्या या फ्लॅगांच्या ओळींना धक्का लावू नये, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.