पोटाचं ऑपरेशन आणि त्यामागचं कारण

(लालबागमधल्या युवा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला ‘तरुण आणि आरोग्य’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. मी डॉक्टर नाही. इंजिनिअरिंग करून गेली बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते. त्यामुळे सल्ला देत बसत नाही. गेलं वर्षभर माझ्यासमोर जो प्रश्न होता, तोच तुमच्यापुढे ठेवते : वजन कमी करण्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया करावी की करू नये?

आधी आकडे सांगते, कारण ते लपवण्यात माझी दहा वर्षं गेली. उंची 158 सेंटिमीटर, वजन 98 किलो. चार वर्षांपासून मधुमेह आहे. औषधं चालू असूनही तीन महिन्यांच्या सरासरीची साखरेची तपासणी 8.9 आली. झोपेत श्वास अडकतो, म्हणून सकाळी उठते तीच दमलेली.

माझे आजोबा खेडहून इथे आले आणि गिरणीत साचे खात्यात लागले. पूर्ण पाळी उभ्याने काम. 1982 च्या संपानंतर त्यांची नोकरी गेली. आज माझं ऑफिस लोअर परळला जुन्या गिरणीच्याच जागेवर आहे. मी तिथे दहा तास बसून काम करते. पण ‘बसून खाते म्हणून जाड झाली’ एवढा सोपा हा हिशेब नाही. मी दोनदा कडक डाएट केलं, जिमला गेले. एकदा 11 किलो उतरवले आणि दीड वर्षात 14 चढले. वजन उतरलं की शरीर भूक वाढवतं आणि ऊर्जेचा खर्च कमी करतं, हे मला डॉक्टरांनी समजावलं तेव्हा कळलं. तोवर मी स्वतःला आळशीच समजत होते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं एक उदाहरण प्रसिद्ध आहे. 2004 मध्ये त्यांनी आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच : 22.3. पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2 टक्के. म्हणजे आपण बारीक दिसतो तेव्हाही आत चरबी जास्त असू शकते, आणि मधुमेह आपल्याला कमी वजनावर गाठतो. म्हणूनच आपल्याकडचे सर्जन शस्त्रक्रियेसाठी बीएमआयची मर्यादा पाश्चात्त्यांच्या जुन्या मर्यादेपेक्षा कमी धरतात : साधारण 37.5, आणि मधुमेहासारखा आजार असेल तर 32.5.

माझा बीएमआय 39 च्या वर. डॉक्टरांच्या हिशेबात मी बसत होते. विम्याचा हिशेब वेगळा. विमा नियामकाच्या 2019 च्या नियमांप्रमाणे बीएमआय 40 तरी हवा, नाहीतर 35 आणि सोबत गंभीर आजार, उदाहरणार्थ उपचार करूनही आटोक्यात न येणारा मधुमेह. ऑफिसमधल्या एकाने मला मनापासून सल्ला दिला, ‘दोन किलो वाढव, 40 होईल.’ मी हसले, पण घरी येऊन रडले. शेवटी दोन वर्षांचे साखरेचे रिपोर्ट जोडून अर्ज केला. तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर रिपोर्टची फाईल पहिल्या दिवसापासून नीट ठेवा.

आता शस्त्रक्रिया म्हणजे काय ते सांगते. मला सुचवलेल्या प्रकारात दुर्बिणीतून जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात. उरते केळ्यासारखी नळी. भुकेचं एक संप्रेरक मुख्यतः त्या कापलेल्या भागात तयार होतं, म्हणून भूकही कमी लागते. कापलेलं परत जोडता येत नाही. दुसऱ्या प्रकारात जठराचा छोटा कप्पा करून तो थेट आतड्याला जोडतात. दोन्हींनंतर जीवनसत्त्वं, लोह, कॅल्शियम कायम घ्यावं लागतं. काहींना पित्ताचे खडे होतात, काहींची आम्लपित्ताची तक्रार वाढते, सुरुवातीचे काही महिने केस गळतात. काहींचं वजन थोडं परत येतं. मधुमेह बऱ्याच जणांचा मागे हटतो, पण कायमचा जाईलच अशी हमी नाही.

तिसरा रस्ता इंजेक्शनचा. मार्च 2025 मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही भारतात आलं. आठवड्यातून एकदा घ्यायचं. वजन चांगलं उतरतं, पण थांबवलं की बऱ्याच जणांचं परत चढतं. मी हा पर्याय महिनाभर तोलला. अनेकांसाठी तोच योग्य असेल.

घरी सांगितलं तेव्हा अम्मी म्हणाली, ‘अल्लाने दिलेलं चांगलं पोट कापायचं?’ मी म्हटलं, ‘अम्मी, अब्बांच्या हृदयात स्टेंट बसवला, तेव्हा हे कुणी विचारलं नव्हतं.’ ती गप्प झाली. मग खरी भीती बाहेर आली : ‘ती इजिप्तची मुलगी आठवते ना?’

आठवते. फेब्रुवारी 2017 मध्ये इमान अहमद यांना चर्नी रोडच्या सैफी हॉस्पिटलमध्ये आणलं, तेव्हा सगळी मुंबई टीव्हीसमोर होती. वजन सुमारे 500 किलो. मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली. मेमध्ये त्यांना अबुधाबीला नेलं आणि सप्टेंबरमध्ये तिथे त्या वारल्या. पण त्या कित्येक वर्षं घराबाहेर पडू शकल्या नव्हत्या, आधी पक्षाघात झालेला होता. माझ्यासारख्या रुग्णाला अनुभवी ठिकाणी मृत्यूचा धोका साधारण हजारात एक किंवा त्याहून कमी सांगतात. अम्मीला मी हे कागदावर लिहून दाखवलं. ती म्हणाली, ‘तो एक तूच निघालीस तर?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

अब्बांचा प्रश्न रोज्यांचा. ऑपरेशननंतर दिवसभर घोटघोट पाणी प्यावं लागतं, म्हणून डॉक्टरांनी पहिल्या वर्षी रोजे धरू नकोस म्हणून सांगितलं आहे. आजाऱ्याला सवलत कुराणातच आहे, हे अब्बांनीच मला सांगितलं. पुढे मात्र म्हणाले, ‘लोकांना काय सांगणार?’ मी म्हटलं, ‘आजारी आहे, हेच सांगणार.’

आणि चाळीतल्या खाला! त्यांना वाटलं, मुलगी अखेर लग्नाच्या तयारीला लागली. ‘चांगलं करतेस बेटा, आता स्थळं येतील.’ 2011 मध्ये नितीन गडकरींनी ही शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा ती तब्येतीसाठी होती. माझी मात्र स्थळांसाठी! त्या रात्री मी एका कागदावर कारणं लिहायला बसले. खरं सांगते, पहिल्या यादीत लग्न तिसऱ्या नंबरावर होतं, साखर पाचव्या. म्हणून मी तेव्हा तारीख घेतली नाही. नळीएवढं पोट मला आयुष्यभर सांभाळायचं आहे. स्थळ नाकारून गेलं तर मी त्या पोटाला दोष देणार, हे मला दिसत होतं.

चार महिने थांबले. आहारतज्ज्ञांकडे गेले, मानसोपचारतज्ज्ञांनाही भेटले. मग यादी पुन्हा लिहिली. साखर. झोप. अब्बांना 52 व्या वर्षी जो झटका आला, तो मला येऊ नये. चौथं काही सुचलं नाही.

माझी तारीख ईदनंतरची ठरली आहे. अम्मी अजून घाबरलेली आहे, पण हॉस्पिटलमध्ये सोबत तीच राहणार आहे. माझं पाहून तुम्ही ऑपरेशन करा असं मी म्हणत नाही. वजनाबद्दल कुणी टोमणा मारला तर त्या रागात निर्णय घेऊ नका, आणि त्या शरमेने डॉक्टरांकडे जायचंही टाळू नका. आधी साखर तपासा. उद्या सकाळी उपाशीपोटी. एवढं इथल्या प्रत्येकाला जमेल.