पायाचे खोदकाम आणि विहिरीचे गोडे पाणी
(वार्षिक ज्ञातिसंमेलनात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या संमेलनात शिक्षण आणि विवाह या विषयांवर विद्वान वक्ते बोललेच आहेत. मी आपले लक्ष थोडे पायाखालच्या जमिनीकडे वेधू इच्छितो. गोराईस आपल्या पुष्कळ कुटुंबांच्या वाड्या आहेत आणि वाडी म्हटली की विहीर आलीच. त्या विहिरीचे पाणी आज नव्या बांधकामांच्या दारात उभे आहे, म्हणून हा विषय.

गोराईची रचना आपण जाणताच. एका बाजूस अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूस खाडी आणि मधे पुळणीची, भाताची व माडांची चिंचोळी भूमी. या भागात वर्षाकाठी सुमारे नव्वद इंच पाऊस पडतो. परंतु तो चार महिन्यांतच. उरलेले आठ महिने आपण जे पाणी शेंदतो ते वाळूत मुरलेले पावसाचेच होय. समुद्राकाठच्या जमिनीत हे गोडे पाणी खाली शिरलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण खारे पाणी जड आणि गोडे हलके. हॉलंडमधील बॅडन गायबन यांनी १८८८ च्या सुमारास आणि जर्मनीतील हर्झबर्ग यांनी १९०१ साली या तरंगण्याचे गणित मांडले. समुद्राच्या पातळीहून गोडे पाणी एक फूट वर असेल, तर त्या पातळीखाली सुमारे चाळीस फूटपर्यंत गोडे पाणी असते. आता हेच गणित उलट वाचा. सतत उपसा करून वरची पातळी एक फूट उतरविली, तर कालांतराने खालून खारे पाणी सुमारे चाळीस फूट वर येऊ पाहते. हे एका दिवसात होत नाही. पण उपसा महिनोन्‌महिने चालला म्हणजे होऊ लागते.

पाया खणताना नेमके हेच घडते. खड्ड्यात पाणी लागते, ते काढल्यावाचून गवंड्यास काम करता येत नाही, म्हणून रात्रंदिवस पंप चालतो आणि ते गोडे पाणी गटारातून खाडीस मिळते. शेजारच्या विहिरीचे झरे त्या खड्ड्याकडे वळतात. प्रथम विहिरीची पातळी उतरते, मग पाणी मचूळ लागते, शेवटी माडाची झापे करपू लागतात. पंप थांबल्यावर पातळी वर येईल. परंतु शिरलेला खारेपणा धुऊन निघावयास कित्येक पावसाळे लागतात. याखेरीज अस्तर न घातलेली कूपनलिका खालचे खारे पाणी वर आणण्याचा मार्ग होऊन बसते, आणि विहिरीलगतचा शोषखड्डा तिच्यात मैला पोचवितो.

गोराईच्या परिसरात १९८९ साली एस्सेलवर्ल्ड उघडले आणि २००९ साली विपश्यना पॅगोडा लोकांस खुला झाला. त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. या भूमीचे रूप किती वेगाने पालटते, एवढेच दाखवावयाचे आहे. बांधकाम नको, असेही मी म्हणत नाही. आपल्या मुलांस घरे हवीत, आणि ज्यास आपली जमीन विकसित करावयाची आहे त्यास तो अधिकार आहे. प्रश्न पद्धतीचा आहे.

पद्धत अवघड नाही. पहिली गोष्ट, काम सुरू होण्यापूर्वी आसपासच्या प्रत्येक विहिरीची पातळी व खारेपणा मोजून दोन्ही पक्षांच्या सह्यांनिशी लिहून ठेवावा. पिण्याच्या पाण्यात क्लोराइड दर लिटरमागे २५० मिलिग्रॅमपर्यंत असावे, असे भारतीय मानक सांगते. नोंद नसेल तर पुढे तक्रारीस आधार उरत नाही. दुसरी, पायाचे खोदकाम शक्यतो उथळ ठेवावे आणि तळघराचा मोह टाळावा. खोल जाणे भागच असेल, तर खड्ड्याभोवती पाणी अडविणारी भिंत घालावी, म्हणजे उपसा थोडा पुरतो. मात्र ती भिंत कायमची राहणार असेल तर जमिनीतील प्रवाहास वाट ठेवावी. तिसरी, उपसलेले गोडे पाणी खाडीत न सोडता टाकीत गाळ बसवून, निवळल्यावर, खड्डा आणि विहीर यांच्यामधील चरात मुरवावे. सिमेंटचे वा तेलाचे पाणी मात्र तेथे कदापि सोडू नये. चौथी, जुनी विहीर बुजवू नये. गच्चीवरचे पावसाचे पाणी गाळून तिच्यातच सोडावे.

कायद्याचे पाठबळही आहे. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आतील भूजल-उपशावर निर्बंध घातले. मुंबईत २००२ पासून मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींस पर्जन्यजल-संचय सक्तीचा झाला. राज्याचा भूजल अधिनियम २००९ चा आहे. परंतु कायदा कागदावर असतो आणि पंप दाराशी असतो. म्हणून माझी विनंती आपणा सर्वांस आहे.

जमिनीचा करार करताना आपण चटईक्षेत्र, भाडे आणि मोबदला बारकाईने पाहतो. त्याच करारात विहिरीची कलमेही घाला. सह्या झाल्यावर घातलेली अट ही केवळ विनवणी ठरते. आपल्या मंडळाने एक विहीर-वही सुरू करावी. तरुणांनी दिवाळीनंतर एकदा आणि मृगापूर्वी एकदा प्रत्येक विहीर मोजावी. खर्च दोरीचा आणि एका साध्या तपासणीचा. आपली वाडी विकली गेली तरी शेजाऱ्याची विहीर तेथेच राहते, आणि जमिनीखालच्या पाण्यास सातबाऱ्याच्या हद्दी ठाऊक नसतात. एकाने केलेला उपसा दुसऱ्याच्या घागरीत उतरतो, म्हणूनच हे काम एकेकट्याचे नसून ज्ञातीचे, किंबहुना सगळ्या गावाचे आहे.

वहीचे पहिले पान येत्या मृगापूर्वी लिहिले जावे, एवढीच माझी सूचना आहे.