डुकरीण कोणाची, नफा कोणाचा?

(जुळे सोलापूर येथे कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



आजचा विषय ऐकून आपल्यांपैकी काहींच्या चेहऱ्यांवर हसू उमटले, ते मी पाहिले. शेतकऱ्याच्या प्रश्नावर बोलताना आपण ऊस, कांदा व दूध यांपुढे सहसा जात नाही. डुकरे पाळणाऱ्यास आपण शेतकरी मानीत नाही आणि कामगारही मानीत नाही. परंतु याच शहरातील सेटलमेंटमध्ये ज्या जमातींना गुन्हेगार ठरवून कुंपणाआड ठेवले होते, त्यांना 1952 साली तो कायदा रद्द होऊन मोकळीक मिळाली. जमीन मिळाली नाही. कैकाडी, वडार समाजांतील कित्येक कुटुंबांना डुकराने जगविले आहे.

या धंद्याचा हिशेब साधा होता. डुकरीण सुमारे 114 दिवसांत विते, एका वेतास आठ-दहा पिल्ले देते, वर्षाकाठी दोनदा विऊ शकते. खाद्य फुकटचे : खानावळीतील उष्टे, मंडईतील टाकाऊ भाजी. लग्न निघाले, दुखणे आले की एक जनावर विकावे. अमेरिकेतील लहान शेतकरीही डुकराला गहाण सोडविणारे जनावर म्हणत. तेथे काय झाले? 1992 मध्ये डुकरे पाळणारी 2 लाख 40 हजारांवर शेते होती. 2004 पर्यंत 70 हजारही उरली नाहीत. डुकरांची संख्या मात्र जवळजवळ तेवढीच राहिली! याच काळात करारावरील उत्पादनाचा वाटा 5 टक्क्यांवरून 67 टक्क्यांवर गेला. पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे. शेड, वीज आणि घाम शेतकऱ्याचा. आपल्याकडील ब्रॉयलर कोंबड्यांचे करार ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे नवे नाही.

आता आपल्याकडे पाहा. उष्टे घंटागाडीत जाते. मोकाट डुकरांचा नागरिकांना उपद्रव होतो, हे मी नाकारीत नाही. पण जनावर बांधून ठेवायचे तर मका आणि पेंड विकत घ्यावी लागते, आणि खर्चाचा मोठा भाग खाद्यातच जातो. घाऊक खाद्य घेणारा तरतो, चार डुकरिणींचा मालक बुडतो. त्यातच 2020 पासून आफ्रिकन स्वाइन फीव्हर देशात शिरला आहे. त्यावर औषध नाही. बाधित ठिकाणची डुकरे मारावीच लागतात. त्यापूर्वीच, 2012 ते 2019 या काळात, देशातील डुकरे सुमारे 12 टक्क्यांनी घटली होती.

सरकारने काहीच केले नाही असे नव्हे. 2021 मध्ये राष्ट्रीय पशुधन अभियानाची नवी योजना आली : 50 टक्के अनुदान, कमाल 30 लाख रुपये. तेव्हा अट कोणती होती? 100 माद्या आणि 10 नर! उरलेली रक्कम बँकेकडून वा पदरची, शिवाय जमीन हवी. ज्याला जमीनच नाही त्याने हा अर्ज कोठे भरावा?

दुधाचे उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. एका म्हशीची मालकीण दोन लिटर दूध संकलन केंद्रावर घालू शकते, कारण सहकारी संघ उभा राहिला. डुकरासाठी संघ नाही. का नाही, याचे उत्तर जातीत आहे, आणि ते आपल्या पक्षातही आहे. पाच माद्यांपासून अनुदान, सामुदायिक गोठा, खाद्याची सहकारी खरेदी व स्वच्छ कत्तलखाना, या मागण्या आपण मांडल्या पाहिजेत. पण निवेदन लिहिण्याआधी प्रत्येक शाखेने आपल्या जवळच्या वस्तीत जावे, आणि घरटी किती जनावरे, किती खाद्य विकत, व्यापारी काय भाव देतो, एवढे वहीत उतरवून आणावे.