माहेरून पैसे आण, असं कोणी म्हटलं तर

आज हुंडाबळीबद्दल बोलायचं आहे.

२०२२ या एका वर्षात देशात पोलिसांकडे ६,४५० हुंडाबळींची नोंद झाली. अशी बातमी आली की गावात ठरलेली वाक्यं ऐकू येतात. स्टोव्हचा भडका उडाला. पाय घसरून विहिरीत पडली. पोटदुखीला कंटाळली होती. तेरावं झालं की विषय मिटतो.

कायदा मात्र पुढं विचारतो. लग्नाला ७ वर्षं व्हायच्या आत बाई जळून, जखमेनं किंवा संशयास्पद रीतीनं गेली आणि त्याआधी हुंड्यासाठी नवऱ्यानं किंवा सासरच्यांनी तिचा छळ केल्याचं कोर्टात दिसलं, तर तो हुंडाबळी. १९८६ पासून हा वेगळा गुन्हा आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ८० मध्ये आहे. शिक्षा कमीत कमी ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. छळ दिसून आला, की ज्यानं छळ केला त्याच्यामुळेच ती गेली असं कोर्ट धरून चालतं. तसं नाही, हे त्यानं दाखवायचं.

पण छळ झाला होता, हे कोर्टाला सांगणार कोण? शेजारी म्हणतात, आम्हाला काही ठाऊक नाही. केस तिथंच ढिली पडते.

आपल्या बचत गटाला मात्र ठाऊक असतं. पहिलं कर्ज फिटलं नाही तोच ती दुसरं मागते. शेळी घ्यायची म्हणते, पैसे जातात नवऱ्याच्या मोटारसायकलला. घर बांधायला माहेरून पैसे आण, असं सासू म्हणते. अशी मागणीही हुंडाच, असं सुप्रीम कोर्टानं २०२२ साली सांगितलं आहे. मग ती बैठकीला यायचीच बंद होते.

म्हणून आपण तीन कामं करू.

पहिलं, तिच्या संमतीनं तारीखवार लिहून ठेवू. कोणी, कधी, काय मागितलं, कधी मारलं. हे गटाच्या रजिस्टरात नको, ते कोणाच्याही हाती पडतं. वेगळी वही करू आणि ती विश्वासू बाईकडे ठेवू.

दुसरं, ती जिवंत असतानाच उठू. छळाची तक्रार कलम ८५ खाली होते. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यानं तिला सासरच्या घरात राहायचा हक्क आहे, त्यासाठी संरक्षण अधिकाऱ्यांना भेटता येतं. महिला मदतीचा नंबर १८१. जिवावर बेतलं असेल तर ११२.

तिसरं, देव न करो, पण वाईट घडलंच तर पोलिसांना कळवल्याशिवाय आणि पोस्टमॉर्टेमशिवाय अंत्यविधी होऊ देऊ नका. तहसीलदारांसमोर पंचनामा मागा. ती दवाखान्यात बोलत असेल तर दंडाधिकाऱ्यांनी तिचा मृत्युपूर्व जबाब घ्यावा म्हणून डॉक्टरांना सांगा. ती तुमच्याशी बोलली असेल तर तेही कोर्टात सांगता येतं. तिचेच शब्द सांगा, पदरचं घालू नका.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, की कोण आली नाही ते बघा. दोन बैठका चुकल्या असतील तर दोघीतिघींनी तिच्या घरी जा. हळदीकुंकवाचं निमित्त करा, पण तिला डोळ्यांनी बघून या.