आसावर पाच टन



गिरण्यांच्या गावाचा इतिहास सांगणारा माणूस सहसा धुराड्यापासून सुरुवात करतो. मी कुर्डुवाडीच्या फलाटापासून करणार आहे. लोकमान्य मिल, जयशंकर मिल ही नावे तुम्हाला पाठ आहेत. पण या मिलांच्या आधी बार्शीत रूळ आले, आणि रुळांच्याही आधी पेठ होती.

बार्शी तालुका इंग्रजांचा, भोवती बहुतेक निजामाचा मुलूख. बालाघाटावरून उतरणारा कापूस, गळिताचे धान्य बैलगाड्यांनी इथल्या अडतीवर यायचे. मुंबई–मद्रास लोहमार्ग मात्र गावापासून वीसएक मैल लांबून गेला. तिथल्या स्टेशनाला नाव दिले बार्शी रोड. तेच आजचे कुर्डुवाडी. म्हणजे नाव आपले आणि गाडी परगावची! पावसाळ्यात काळ्या रानातून भरल्या गाड्या तिथवर न्यायच्या, तर बैलांचा जीव जायचा आणि व्यापाऱ्याचा नफा.

१८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आलेल्या एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरला हे अंतर दिसले. नोकरी सोडून, लंडनमध्ये कंपनी काढून त्याने १८९७ मध्ये बार्शी लाईट रेल्वे सुरू केली. रुळांमधले अंतर अडीच फूट. पण खरी करामत अडीच फुटांत नव्हती. इंजिन असो की डबा, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, हा त्याचा नियम. सगळ्या आसांवर भार सारखा, म्हणून रूळ हलके चालतात: गजाला तीस पौंड. रूळ हलके, म्हणून पूल आणि भराव स्वस्त. मग ताकदवान इंजिन आणायचे कसे? आस वाढवून. लीड्सच्या किट्सन कारखान्याची पहिली इंजिने सहा आसांची होती. चार आसांची चाके ओढणारी, दोन आसांची मागे भार पेलणारी. चार आसांचा वाघिणीचा डबा मालासकट वीस टनांपर्यंत जायचा. बैलगाडीच्या मानाने हे किती, ते अडत्यांना सांगायला नको.

ही सामग्री बोटीवर चढवण्याआधी कॅल्थ्रॉपने लीड्सजवळ न्यूले इथे रूळ टाकून जाणकारांना ती चालवून दाखवली. पुढे १९०४ मध्ये इंग्लंडातल्या लीक आणि मॅनिफोल्ड व्हॅली रेल्वेचा तोच इंजिनिअर, आणि तिथली इंजिनेही बार्शीच्याच वळणाची. विलायतेतून इकडे काय आले याच्या याद्या आपण नेहमी करतो. त्या यादीच्या पाठीमागे हेही लिहून ठेवावे.

‘बार्शी लाईट’ म्हणजे रखडगाडी, अशी चेष्टा महाराष्ट्रभर झाली. ती मला अन्यायाची वाटते. गजाला तीस पौंडांच्या रुळांवर मेल पळवायची कुणी ठरवलीच नव्हती. स्वस्तात माल हलवायचा होता, आणि तो हलला. माणसेही हलली: १९०६ मध्ये रूळ पंढरपूरला पोचले आणि वारकऱ्यांची गर्दी कंपनीच्या वाट्याला आली. १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. मिरज ते लातूर, दोनशे मैलांवर मार्ग. १९५४ मध्ये तो सरकारने घेतला.

मिलांचे बस्तान बसले ते या जाळ्यावर. कापूस गावात येत होताच, आता कोळसा आणि यंत्रांचे सुटे भागही येऊ शकत होते. पाळीचा भोंगा, रुईच्या गाठी, साच्यांचा आवाज, हे माझ्यापेक्षा या सभागृहातले जुने कामगार चांगले सांगतील. जयशंकर मिल पुढे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे जाऊन बार्शी टेक्स्टाइल झाली आणि २०२० च्या टाळेबंदीत थांबली.

रूळ त्याआधीच बदलले होते. २००८ मध्ये लातूर–कुर्डुवाडी मार्ग पूर्ण रुंद झाला. त्या वेळी आखणी बदलून तो उस्मानाबादेवरून नेला. जिल्ह्याच्या ठिकाणी गाडी पोचली, हे चांगलेच झाले. पण आखणी बदलली तिथे जुना मार्ग कुठून जात होता, हे आता भराव आणि मोऱ्या पाहून ओळखावे लागते. त्या भरावांवर नांगर फिरण्याआधी कुणीतरी त्यांचा नकाशा करायला हवा. कॉलेजच्या भूगोल विभागाला एका हिवाळ्यात जमण्यासारखे काम आहे. दुसरे काम मिलच्या हजेरीपटांचे. वाळवी इमारतीआधी कागद खाते, आणि कोणत्या गावची माणसे कोणत्या खात्यात होती ते भिंती सांगत नाहीत.

तिसरे, कुर्डुवाडीचा रेल्वे कारखाना. तो बार्शी लाईटच्या काळातला, आणि आजही चालू आहे. परवानगी मिळवून पोरांना तिथे न्या. तिथल्या कारागिरांशी बोलू द्या.

आता प्रश्न विचारा. जुने मिल कामगार असतील, त्यांनी आधी.