सांगणे आणि राखून ठेवणे



साने गुरुजींच्या 'श्यामची आई' या पुस्तकाचा बहुतेक भाग १९३३ सालच्या फेब्रुवारी महिन्यात नाशिकच्या तुरुंगात लिहिला गेला. त्यापूर्वी गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. गोष्टीत काय केव्हा सांगावे आणि माणसांत काय केव्हा बोलावे, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर शिक्षकाला या पुस्तकात सापडते.

पुस्तकात ४२ रात्री आहेत. श्याम एका रात्री एक आठवण सांगतो आणि थांबतो. आईच्या अखेरच्या दिवसांची हकीकत शेवटच्या रात्रींसाठी राखून ठेवलेली आहे. ती आरंभीच आली असती, तर ते एका परक्या बाईचे दुःख झाले असते. आधी आई ओळखीची होते, म्हणून तिचे जाणे घरचे वाटते. गोष्टीत राखून ठेवणे म्हणजे लपविणे नव्हे. ऐकणाऱ्याचे मन तयार होईपर्यंत थांबणे होय. गोष्टीपूर्वीच तात्पर्य सांगणारा शिक्षक मुलांच्या विचाराची संधी हिरावून घेतो.

घरातील मौनाचे उदाहरण 'अळणी भाजी' या प्रकरणात आहे. आई भाजीत मीठ घालण्यास विसरते. वडील काही न बोलता जेवतात. ते पाहून मुलेही गप्प राहतात. आई स्वतः जेवावयास बसते, तेव्हा तिला चूक कळते आणि हळहळ वाटते. येथील मौन कष्ट करणाऱ्या माणसाचा मान राखण्यासाठी आहे.

याउलट प्रसंग श्यामच्या पोहण्याचा. पोहावयास जाणे टाळण्यासाठी तो लपून बसतो. आई त्याला शोधून शिंपटीने मारते व पाठविते. परंतु मारण्यामागील कारण ती मनात ठेवीत नाही. मुलाला लोकांनी भित्रा म्हणू नये, ही आपली तळमळ ती त्याला जवळ घेऊन सांगते. कारण कळल्यामुळे मुलाच्या मनात अढी राहत नाही.

शाळेत हे दोन्ही प्रसंग नित्य येतात. एखाद्या मुलापाशी पाटी नाही. घरी अडचण आहे, हे शिक्षकाला ठाऊक असते. ते वर्गापुढे उच्चारू नये. मात्र शिक्षा केली, तर तिचे कारण त्याच दिवशी मुलाला सांगावे. मूल अभ्यासात मागे पडत असेल, तर भिडेखातर पालकापासून दडवू नये. वार्षिक परीक्षेनंतर कळलेली गोष्ट पालकाच्या उपयोगी पडत नाही.

बोलण्यापूर्वी आणि गप्प राहण्यापूर्वी शिक्षकाने एकच विचारावे: हे कोणासाठी? दुसऱ्याचा मान राहावा म्हणून मौन असेल, तर ते पाळावे. स्वतःचा त्रास वाचावा म्हणून असेल, तर ते मोडावे.

दूर शिकत असलेला श्याम घरी पोचतो, तेव्हा आई या जगात नसते. तिच्यापाशी बोलावयाचे राहून जाते. गोष्टीतील राखलेला भाग पुढच्या रात्री सांगता येतो. माणसांतील राहिलेले बोलणे पुष्कळदा राहूनच जाते. म्हणून जे सांगणे अवश्य आहे, ते शिक्षकाने उद्यावर टाकू नये.