गाळातील लहान कवचधारी जीव

(महोत्सवानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सवाच्या या शुभप्रसंगी शास्त्रविषयक चार शब्द बोलावेत अशी आम्हांस आज्ञा झाली. विषय मात्र आमच्या वर्गातील एका मुलीने सुचविला. तिने विचारले, "सर, कोलंबी हा मासा आहे का? आमचे नाना खात नाहीत, शेजारच्या चाची मात्र खातात." प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. हनफी मताप्रमाणे पाण्यातील जीवांपैकी मासा तेवढा खाण्यास योग्य. म्हणून कोलंबीस मासा म्हणावे की नाही याविषयी त्या मताच्या विद्वानांत मतभेद आहे. शाफई मतात ही अडचण येत नाही. याचा निर्णय उलेमांनी द्यावा. ते शाळामास्तराचे काम नव्हे. आम्ही तिला एवढेच सांगितले की, बाजारात कोलंबीची गणना मासळीत होत असली तरी प्राणिशास्त्र तिला मासा मानीत नाही. माशाच्या शरीरात पाठीचा कणा असतो. कोलंबीचा सांगाडा कवचाच्या रूपाने बाहेर असतो. कोलंबी, जवळा, खेकडा ही सारी कवचधारी घराण्यातील मंडळी होत.

तेव्हा तिने पुढे विचारले, "मग या घराण्यात आणखी कोण कोण आहेत?" आजचे आमचे भाषण म्हणजे त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे.

या घराण्यातील पुष्कळसे आप्त बाजारात कधीच येत नाहीत. ते तांदळाच्या दाण्याएवढे किंवा त्याहूनही लहान असून समुद्रतळाच्या गाळात आणि वाळूत राहतात. आपल्या आमलीजवळून वाहणारी दमणगंगा मोटी दमण आणि नानी दमण यांच्यामधून समुद्रास मिळते. ओहोटीच्या वेळी तेथे दूरवर गाळ उघडा पडतो. पाहणाऱ्यास तो निर्जीव चिखल वाटतो. परंतु नदीमुखाजवळचा असा गाळ अर्ध्या मिलिमीटर छिद्रांच्या चाळणीत घेऊन पाण्याने हलके धुतला, तर किडे, शिंपले आणि हे लहान कवचधारी जीव मागे राहतात. समुद्रतळाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ असाच गाळ धुऊन मोजदाद करतात.

या जीवांची ओळख कशी पटवावी? प्रथम शरीराची ठेवण पाहावी. डोके, त्यामागे वक्षाचे आठ खंड, नंतर उदराचे बहुधा सहा खंड आणि शेवटी पुच्छखंड, हा मूळ साचा कोलंबीचा तोच यांचाही. एका साच्यातून निरनिराळे गण झाले ते कुठे खंड जोडले गेल्यामुळे, तर कुठे पाय बदलल्यामुळे. त्यांपैकी चार गण लक्षात ठेवण्याजोगे आहेत.

पहिला गण अ‍ॅम्फिपोडांचा. यांचे शरीर दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखे व कमानीसारखे वाकलेले असते. कल्ले छातीच्या पायांच्या मुळाशी असतात. दुसरा आयसोपोडांचा. हे वरून खाली चपटे, सात जोड्या पाय बहुधा एकसारखे, आणि श्वासोच्छ्वास उदराखालील पानासारख्या अवयवांनी. तिसरा टॅनेडांचा. हे बारीक व लांबट असतात आणि पुढे चिमट्यासारख्या नांग्यांची एक जोडी असते. चौथा क्यूमेशियांचा. यांचा पुढचा भाग फुगीर, मागचा शेपटीसारखा बारीक आणि टोकास दोन काटे. लिहिताना आपण स्वल्पविराम देतो, अगदी तसा आकार! हे दिवसा गाळात पुरून राहतात. रात्री यांतील पुष्कळ वर पाण्यात पोहतात. क्यूमेशियांची कुळे ओळखताना पुच्छखंड सुटा आहे की शेवटच्या खंडाशी एकजीव झाला आहे, आणि नराच्या उदराखाली पोहण्याच्या पायांच्या किती जोड्या आहेत, हे पाहावे लागते. जगात क्यूमेशियांच्या दीड हजारांहून अधिक जातींची नोंद झाली आहे.

तथापि केवळ पाय मोजून वर्गीकरण होत नाही. आपला जवळा दशपाद गणात मोडतो, पण त्याच्या चालण्याच्या पायांच्या शेवटच्या दोन जोड्या नाहीशा झालेल्या आहेत. नाते ठरते ते संपूर्ण शरीररचनेवरून आणि जीवनक्रमावरून.

वर सांगितलेल्या चार गणांस एकत्र बांधणारी खूण तर मोठी हृद्य आहे. मादीच्या छातीखाली पायांच्या मुळांपासून पातळ पत्रे निघतात आणि त्यांची एक पिशवी बनते. तिला शिशुधानी म्हणतात. अंडी त्यात राहतात, पिले त्यातच वाढतात आणि आईबापांच्याच रूपाची होऊन बाहेर पडतात. विल्यम कॅल्मन या शास्त्रज्ञाने १९०४ साली अशा गणांस पेराकारिडा हे नाव दिले. त्याच वर्षी श्रीलंकेच्या मोत्यांच्या शिंपल्यांच्या क्षेत्रातून मिळालेल्या क्यूमेशियांचे वर्णनही त्याने प्रसिद्ध केले. आपल्या देशात केरळचे प्राध्यापक सी. व्ही. कुरियन यांनी १९५० च्या दशकात या गणाचा अभ्यास केला.

मुलांनो, शिशुधानी पाहण्यास समुद्रावर जाण्याची गरज नाही. अंगणातील ओलसर कुंडी किंवा जुनी वीट उचला. खाली चपटे, राखाडी, पुष्कळ पायांचे लहान जीव पळताना दिसतील. काही अंगाची गोळी करून बसतात. ते जमिनीवर राहावयास आलेले आयसोपोड आहेत. मादी उलटी करून भिंगातून पाहिली, तर कधी कधी पोटाखाली पिशवीत पिवळसर अंडी दिसतात. पाहून झाल्यावर तिला पुन्हा विटेखाली सोडावे.

आता या पिशवीचा दुसरा अर्थ सांगतो, कारण त्यासाठीच आम्ही हा विषय घेतला. बाजारातील मोठी कोलंबी अंडी पाण्यात सोडते आणि तिची सूक्ष्म पिले प्रवाहाबरोबर दूरवर जातात. खेकड्याची पिलेही काही दिवस तरंगतात. एक जागा नासली तरी दुसरीकडून वाहत येणारी पिले ती पुन्हा वसवू शकतात. शिशुधानीत वाढलेले पिलू मात्र आईच्याच गाळात उतरते. त्या गाळात विष गेले तर सारी वस्ती जाते, आणि दूरवरून नवे रहिवासी सहजासहजी येत नाहीत. १६ मार्च १९७८ रोजी फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर 'अमोको काडिझ' हे तेलवाहू जहाज फुटले आणि दोन लाख टनांहून अधिक तेल सांडले. तेथील मोर्ले उपसागराच्या तळाशी अ‍ॅम्पेलिस्का नावाच्या अ‍ॅम्फिपोडांची दाट वस्ती होती. ती जवळजवळ नष्ट झाली आणि पूर्ववत् होण्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागला.

कोणी म्हणेल, एवढ्याशा किड्यांचे कौतुक कशाला? तळाशी चरणारे पुष्कळ मासे याच जिवांवर पोसले जातात. गाळात कुजणारा पाला खाऊन हे जीव त्याचे माशांसाठी अन्न बनवितात. हे नाहीसे झाले तर कोळ्याच्या जाळ्यास ते कळते आणि मग आपल्या ताटासही. शिवाय गाळ बिघडला की अ‍ॅम्फिपोड लवकर कमी होतात, म्हणून जगात अनेक ठिकाणी गाळाची परीक्षा यांच्यावरच करतात.

आपण समुद्राकाठी राहत नाही, ही गोष्ट खरी. परंतु घरातील असो, कारखान्यातील असो, दमणगंगेत येथे पडलेले सांडपाणी दमणच्या मुखाशी जाते. म्हणून विश्वस्त मंडळींस आमची नम्र विनंती आहे की, वाचनालयात दोन चांगली भिंगे, एक साधे सूक्ष्मदर्शक, एक बारीक चाळणी आणि एक जाड नोंदवही ठेवावी. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, भरती-ओहोटीची वेळ पाहून व मोठ्या माणसांच्या सोबतीने मुलांस दमणला न्यावे. ठरलेल्या जागेचा ओंजळभर गाळ धुऊन कोणत्या गणाचे किती जीव मिळाले ते वहीत लिहावे. पंचवीस वर्षांनी पुढचा महोत्सव होईल तेव्हा नदीच्या तळाशी काय घडले हे सांगणारी एक तरी वही आपल्या संस्थेजवळ असेल.

त्या मुलीस वहीचे पहिले पान लिहू द्यावे अशी आमची इच्छा आहे. निर्मात्याने एवढ्याशा जिवासही मूल जपण्याची पिशवी दिली. त्याचा गाळ जपण्याची बुद्धी आपणांस मिळो, एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.